स्वतःची वीज, शहराचे पाणी: फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळातला ऑस्टिनचा विद्यापीठ परिसर

१५ फेब्रुवारी २०२१, मध्यरात्र उलटून १ वाजून २० मिनिटे झाली होती. टेक्सासच्या वीजजाळ्याची देखरेख करणाऱ्या एर्कॉट या संस्थेने सर्वांत वरच्या पातळीची आणीबाणी पुकारली आणि राज्यभर भारनियमन सुरू झाले. या जाळ्याची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, ६० हर्ट्‌झ असावी लागते. गारठ्याने वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडू लागली तशी ती ५९.३०२ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली ती ४ मिनिटे २३ सेकंद होती. ९ मिनिटे राहिली असती, तर उरलेली जनित्रेही स्वतःच्या बचावासाठी आपोआप बाजूला झाली असती आणि जवळजवळ सगळे राज्य अंधारात गेले असते. ते टळले, पण त्यासाठी एका वेळी २०,००० मेगावॉटपर्यंत मागणी तोडावी लागली. ४५ लाखांहून अधिक घरांची आणि व्यवसायांची वीज गेली. भारनियमन आळीपाळीने करायचे ठरले होते. मात्र रुग्णालये आणि इतर अत्यावश्यक सेवांचे फीडर, म्हणजे त्यांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, चालू ठेवल्यावर फिरवायला वीजच उरली नाही. ज्यांची गेली, त्यांच्यापैकी अनेकांची ती दिवसेंदिवस आलीच नाही.

ऑस्टिन शहराच्या मधोमध टेक्सास विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी, दीडशेच्या आसपास इमारती. या परिसराची वीज त्या आठवड्यात टिकली, कारण त्याचे स्वतःचे वीजकेंद्र आहे. तरीही वर्ग पूर्ण आठवडा बंद राहिले, आणि त्याच परिसरातल्या माणसांना पिण्याच्या पाण्याची चिंता करावी लागली.

हे प्रकरण मला मोलाचे वाटते ते या विसंगतीमुळे. हिवाळ्याच्या तयारीची चर्चा बहुतेक ठिकाणी वीज, हीटर आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचे मीठ यांभोवती फिरते. ऑस्टिनमध्ये यातली सर्वांत महागडी आणि अवघड गोष्ट, म्हणजे हमखास वीज, आधीपासून हाताशी होती. अडले ते पाण्यावर, आणि परिसराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर.

वीज का टिकली

या विद्यापीठाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचे वीजकेंद्र उभारले. आजचे केंद्र नैसर्गिक वायूवर चालते आणि वीज व उष्णता एकत्र निर्माण करते. वायू जाळून टर्बाइन फिरते, त्यातून वीज मिळते. टर्बाइनमधून बाहेर पडणारी तप्त हवा वाया न घालवता तिच्यावर वाफ तयार होते आणि ती वाफ जमिनीखालच्या बोगद्यांमधून इमारतींपर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात इमारती थंड ठेवणारे पाणीही याच व्यवस्थेतून फिरते. परिसराची जवळजवळ सगळी वीज, गरमी आणि गारवा असा एकाच ठिकाणाहून येतो. शहराच्या जाळ्याशी जोडणी आहे, ती आधारासाठी.

अशा व्यवस्थेला मायक्रोग्रिड म्हणतात. तिचे बळ ती हिमवादळाच्या रात्री चालू होण्यात नाही, वर्षाचे ३६५ दिवस चालू असण्यात आहे. रोज फिरणारे यंत्र कुठे कुरकुरते हे चालवणाऱ्याला ठाऊक असते. एरवी कोपऱ्यात बंद पडून असलेल्या आणि संकटात एकदम पूर्ण भार उचलायला लावलेल्या डिझेल जनरेटरची गोष्ट वेगळी.

त्याचे उदाहरण त्याच दिवशी ह्यूस्टनमध्ये घडले. हॅरिस काउंटीच्या आरोग्य विभागाच्या ज्या इमारतीत कोविडची लस साठवली होती तिची वीज गेली आणि राखीव जनरेटरही चालला नाही. मॉडर्नाच्या लसीच्या आठ हजारांहून अधिक मात्रा काही तासांत वापरल्या नाहीत तर फेकाव्या लागणार होत्या. लस कुणाला लगेच देता येईल याचा शोध सुरू झाला. काही रुग्णालये, काउंटीचा तुरुंग आणि राइस विद्यापीठ यांची निवड झाली. विद्यापीठ का? तिथे वसतिगृहांत माणसे एकत्र होती, त्यांना निरोप पोहोचवता येत होता आणि बर्फाळ रस्त्यावर गाडी न काढता ती रांगेत उभी राहू शकत होती. भर वादळात विद्यापीठ परिसर शहराच्या कामी कसा येऊ शकतो, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

राखीव जनरेटरच्या बाबतीत अमेरिकेतला प्रस्थापित नियम असा, की आणीबाणीचा जनरेटर दर महिन्याला किमान ३० मिनिटे भारासह चालवून पाहावा, आणि तो भार क्षमतेच्या निदान ३० टक्के असावा. नुसता सुरू करून दोन मिनिटांत बंद करणे म्हणजे चाचणी नव्हे. थंडीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नेहमीच्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून गाळणी तुंबवते, म्हणून हिवाळी डिझेल किंवा त्यात घालायचे मिश्रण आधीच भरून ठेवावे लागते. आणि इंजिन उबदार ठेवणारा हीटर चालू आहे की कुणी वीज वाचवायला बंद करून ठेवला आहे, हे हात लावून पाहावे लागते.

ऑस्टिनच्या केंद्रालाही एक नाजूक जागा होतीच: वायू. त्या आठवड्यात टेक्सासचे वायूउत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. विहिरींवरची उपकरणे गोठली, आणि वायू पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रांची वीज भारनियमनातच तोडली गेली, कारण त्यांची अत्यावश्यक ग्राहक म्हणून नोंदच नव्हती. वीज नाही म्हणून वायू नाही, आणि वायू नाही म्हणून वीज नाही. संघराज्य पातळीवरच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्यानुसार टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत मिळून १,०४५ वीजसंच कधी ना कधी बंद पडले, कमी क्षमतेने चालले किंवा सुरूच झाले नाहीत. ४४ टक्के बिघाडांचे कारण गोठणे आणि सुमारे ३१ टक्क्यांचे इंधनाची अडचण. स्वतःचे वीजकेंद्र असलेल्या कोणत्याही परिसराने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. जो परिसर एकाच वायुवाहिनीवर उभा आहे त्याने दुसऱ्या इंधनाची सोय केली नसेल, तर त्याचे स्वातंत्र्य त्या वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी हातात आहे.

पाणी का गेले

सोमवारी वीज गेली आणि बुधवारी, १७ फेब्रुवारीला, पाण्याने दगा दिला. घराघरांत पाइप फुटले होते. शिवाय नळ गोठू नये म्हणून लोकांनी ते थेंब थेंब चालू ठेवले होते. जलकुंभ रिते होत होते. त्यातच शहराचे सर्वांत मोठे जलशुद्धीकरण केंद्र, उलरिच, याची वीज गेली. संध्याकाळपर्यंत संपूर्ण शहराला पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. ती मागे घेतली गेली २३ फेब्रुवारीला.

विद्यापीठाकडे स्वतःची वीज आहे, पिण्याचे पाणी मात्र शहराचे. शहराच्या नळातला दाब पडला की परिसराचाही पडतो. दाब नाही म्हणजे फक्त तहान नाही. स्वच्छतागृहे तुंबतात. स्वयंपाकघर चालत नाही. अग्निशमनाच्या फवाऱ्यांचा भरवसा राहत नाही, म्हणजे ज्या इमारतीत माणसे झोपली आहेत तिथे रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो. शिवाय गरमी वाफेवर चालत असेल तर बॉयलरलाही सतत थोडे ताजे पाणी लागते. दक्षिण ऑस्टिनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाला त्याच बुधवारी हा फटका बसला. पाण्याचा दाब गेला, त्याबरोबर इमारत गरम ठेवणारी यंत्रणाही अडली आणि काही रुग्णांना दुसरीकडे हलवण्याची पाळी आली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. परिसराचा तयारीचा आराखडा बनवताना वीज, पाणी, गरमी, अग्निसुरक्षा अशी वेगवेगळी पाने लिहिली जातात आणि प्रत्येक पानावर वेगळ्या विभागाची सही असते. प्रत्यक्षात ही पाने एकमेकांत अडकलेली आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या इमारतीसाठी एकच प्रश्न लेखी सोडवून पाहावा: शहराचे पाणी ७२ तास आले नाही तर इथे काय काय बंद पडेल आणि कोणत्या क्रमाने? वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला आणि प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाला एका टेबलाशी बसवून हे उत्तर काढावे. तिघांची उत्तरे जुळत नाहीत हे पहिल्या तासातच कळेल, आणि ते फेब्रुवारीत कळण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये कळलेले बरे.

फुटणारे पाइप

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकलेले असते. त्यावरून समज असा होतो, की बर्फ जिथे धरतो तिथेच पाइप फुटतो. बहुतेक वेळा तसे होत नाही. पाइपात एके ठिकाणी बर्फाचे बूच बसते, ते वाढत जाते आणि बूच व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब भयंकर चढतो. त्या मधल्या टापूत जी जागा कच्ची असेल ती फाटते. नळ थेंब थेंब चालू ठेवण्यामागचे शास्त्र हेच आहे: दाबाला वाट मिळते. म्हणजे एका घरासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण सगळ्या शहराने तो एकाच रात्री पाळला, की जलकुंभ रिकामे होतात. ह्यूस्टनच्या प्रशासनाला नागरिकांना नळ चालू ठेवू नका असे सांगावे लागले ते त्यामुळे. विद्यापीठाने हा सल्ला सरसकट सगळ्या वसतिगृहांना देण्याआधी शहराच्या पाणी विभागाला विचारावे. बाहेरच्या भिंतीतले पाइप उघडे करून, आवरण घालून आणि बंद इमारतीचे पाणी आधीच काढून घेऊन जे साधते, ते थेंबांच्या भरवशावर सोडू नये.

अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइप गोठण्याचा धोका साधारण उणे ७ अंश सेल्सिअसपासून धरला जातो. उत्तरेत तेवढ्या थंडीत काही होत नाही, कारण तिथे पाइप इमारतीच्या उबदार भागातून नेलेले असतात. टेक्सासमधल्या इमारती उन्हाळ्याशी लढायला बांधल्या आहेत. पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतीतून जातात. ऑस्टिनमध्ये त्या आठवड्यात पारा उणे १० च्याही खाली गेला आणि शून्याच्या खालची थंडी दिवसेंदिवस हटली नाही.

मोठ्या इमारतीत आणखी एक नाजूक जागा असते, ती बाहेरची हवा आत घेणाऱ्या यंत्रात. त्या हवेच्या वाटेत गरम पाण्याचे वेटोळे असते. बाहेरची गोठलेली हवा सरळ त्यावर आदळली आणि आतले पाणी फिरत नसेल तर वेटोळे फाटते, आणि ती फट कळते बर्फ वितळल्यावर, छतातून पाणी गळू लागल्यावर. म्हणून तिथे एक संवेदक बसवतात. हवा साधारण ३ अंशांपर्यंत उतरली की तो पंखा थांबवतो आणि बाहेरच्या हवेचा पडदा बंद करतो. हिवाळ्याआधी तो संवेदक खरोखर पंखा थांबवतो का, हे करून पाहावे. तो थांबवतो असे कागदावर असते. अनेक ठिकाणी मात्र सारखा पंखा बंद पडतो या तक्रारीमुळे कुणीतरी तो तोडून ठेवलेला असतो.

पाण्याने भरलेल्या अग्निशमन फवाऱ्यांच्या पाइपांभोवती तापमान ४ अंशांच्या खाली जाऊ नये, हा नियम आहे. सुट्टीत वीज वाचवण्यासाठी खोल्यांचे तापमान उतरवतात. ते १३ अंशांच्या खाली नेऊ नये, असा साधारण संकेत आहे, कारण खोलीच्या मध्यावर १३ असते तेव्हा बाहेरच्या भिंतीच्या पोटात, जिन्याच्या टोकाशी, प्रवेशद्वाराच्या छतावर त्यापेक्षा बरेच कमी असू शकते. हिमवादळाच्या आठवड्यात तर ही ऊर्जाबचत सरळ रद्द करावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडमुळे अनेक इमारती तशाच ओस होत्या. गळती दिसायला आत कुणी नव्हते. अशा वेळी दर चार तासांनी कुणीतरी इमारतीतून फेरी मारणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्या माणसाला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत हवे आणि तो बंद करण्याची परवानगीही हवी. परवानगीसाठी फोनाफोनी करेपर्यंत तळमजला भरतो.

हद्दीबाहेरचे विद्यार्थी

विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. परिसराला लागूनच, ग्वाडालूप रस्त्याच्या पलीकडे, वेस्ट कॅम्पस नावाची दाट वस्ती आहे. तिथल्या इमारती खासगी मालकीच्या आहेत आणि त्यांना वीज शहराच्या जाळ्यातून मिळते. रस्त्याच्या एका बाजूला विद्यापीठाची वीज आणि दुसऱ्या बाजूला भारनियमन. वर्ग मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होते, त्यामुळे परिसरात दिवे असून उपयोग मर्यादित होता. शिकणारा मुलगा अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत फोनची बॅटरी वाचवत बसला असेल तर वर्ग घ्यायचा कुणासाठी?

टेक्सासच्या आरोग्य विभागाने या वादळाचे २४६ मृत्यू नोंदवले. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश थेट थंडीने झाले. काही जण उबेसाठी बंद जागेत गाडी चालू ठेवून किंवा कोळसा पेटवून कार्बन मोनॉक्साइडने गेले. घरापासून दूर, पहिल्यांदाच अशी थंडी पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषारी वायू माहीत असेल असे धरून चालू नये. हे सांगण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे, मग तो विद्यार्थी कुणाच्याही इमारतीत भाड्याने राहत असो. मला हे ठाम वाटते. शिक्षणशुल्क घेताना तो परिसराचा असतो आणि गारठताना घरमालकाचा, ही वाटणी मान्य होण्यासारखी नाही.

यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या दोन-तीन मोठ्या इमारती उबेची ठिकाणे म्हणून आधीच ठरवून ठेवणे. व्यायामशाळा, विद्यार्थी भवन, ग्रंथालय. तिथे साठवलेले पिण्याचे पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहे, फोन चार्ज करायची सोय, औषध थंड ठेवायला फ्रिज. आणि ती उघडायला लागणारी माणसे आधीच परिसरात मुक्कामाला आणलेली असावीत. बर्फ पडल्यावर ती घरून येऊ शकत नाहीत. ज्या शहरात बर्फ हटवणारी वाहने मोजकी आणि चालकांना घसरड्या रस्त्याची सवय नाही, तिथे मीठ कितीही टाकले तरी हे बदलत नाही. साधे मीठ तसेही उणे ९ अंशांच्या खाली फारसे कामाचे राहत नाही.

कळवायचे काय

वादळात विद्यापीठांकडून येणाऱ्या सूचना बहुधा अशा असतात: परिस्थितीवर लक्ष आहे, सर्वांनी सुरक्षित राहावे. वाचणाऱ्याच्या फोनमध्ये १२ टक्के बॅटरी उरलेली असते. त्याला चार गोष्टी हव्या असतात: कुठे ऊब आहे, कुठे पाणी आहे, काय करू नये, आणि पुढची खबर कधी. सूचना अशी लिहिता येईल:

"बुधवार, रात्री ८. विद्यार्थी भवन रात्रभर उघडे आहे. ऊब आणि चार्जिंग आहे. परिसरातल्या नळाचे पाणी पिऊ नका, उकळल्याशिवाय दातही घासू नका. बाटलीबंद पाणी भवनाच्या पूर्वेकडील दारात. वसतिगृहातले फ्लश बंद, तात्पुरती स्वच्छतागृहे अंगणात. बंद जागेत कोळसा पेटवू नका, गाडी चालू ठेवू नका. पुढची सूचना उद्या सकाळी ७ वाजता, नवे काही नसले तरी."

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेळ ठरलेली असली की लोक मधल्या काळात फोन बंद ठेवून बॅटरी वाचवू शकतात. आणि ही सूचना चित्राच्या स्वरूपात नको, साध्या मजकुरात हवी, म्हणजे अडखळणाऱ्या नेटवर्कवरही पोहोचते.

त्यानंतर

या वादळाला अभूतपूर्व म्हटले गेले. पण फेब्रुवारी २०११ मध्येही टेक्सासमध्ये गारठ्याने वीजकेंद्रे बंद पडली होती, ४,००० मेगावॉटचे भारनियमन झाले होते, आणि त्याच वर्षीच्या चौकशी अहवालाने यंत्रे थंडीसाठी सज्ज करा असे सुचवले होते. ते ऐच्छिक राहिले. ऑस्टिनने १९४९ मध्ये उणे १९ अंशांच्या आसपासची थंडीही पाहिली आहे. विद्यापीठाच्याच ऊर्जा संस्थेने जुलै २०२१ मध्ये या घटनाक्रमाचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला.

दोन वर्षांनी, २०२३ च्या जानेवारीअखेर, पुन्हा परीक्षा आली ती निराळ्या रूपात. या वेळी वीजनिर्मिती पुरेशी होती. गोठणाऱ्या पावसाने झाडांवर बर्फाचा जाड थर चढला, फांद्या तारांवर कोसळल्या आणि ऑस्टिनमधल्या दीड लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. २०२१ ची उत्तरे पाठ करून बसलेल्यांना ती इथे उपयोगाची नव्हती. इथे प्रश्न झाडांच्या छाटणीचा होता, आणि तारा जमिनीखालून नेल्या आहेत की वरून, याचा.

जून २०२१ मध्ये लागू झालेल्या टेक्सासच्या कायद्याने वीजकेंद्रांना थंडीची सज्जता सक्तीची केली आणि वायूच्या महत्त्वाच्या सुविधांची अत्यावश्यक ग्राहक म्हणून नोंद करायला लावली. पाणीपुरवठा करणाऱ्यांवरही बंधन आले: वीज २४ तासांहून अधिक काळ गेली तरी नळात किमान २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखता येईल असा आराखडा त्यांनी मार्च २०२२ पर्यंत द्यायचा होता. हा दाब शहराच्या वाहिनीतला. मीटरच्या आतला पाइप, माळ्यावरचे वळण, बंद इमारतीचा व्हॉल्व्ह आणि व्यायामशाळेत साठवायच्या पाण्याच्या टाक्या यांबद्दल तो कायदा काही सांगत नाही. ते काम विद्यापीठाच्या देखभाल विभागाच्या अंदाजपत्रकात बसते, आणि दर वर्षी जी कामे पुढच्या वर्षावर ढकलली जातात त्यांत नळजोडणीची दुरुस्ती बहुधा वरच्या ओळीत असते.